तरुण मुलामुलीला गंभीर मानसिक आजार झाला तर महाराष्ट्रात मदत कुठे आणि कोणत्या क्रमाने शोधायची

स्किझोफ्रेनिया, बायपोलर, आवाज ऐकू येणं किंवा भलते संशय येणं अशी लक्षणं असलेलं तीव्र नैराश्य, हे आजार बऱ्याचदा पंधरा ते पंचविशीच्या दरम्यान डोकं वर काढतात. त्यांच्यासाठी राज्यात सरकारी, पालिकेच्या आणि संस्थांच्या सेवा आहेत, पण त्या एकमेकींना ओळखत नाहीत. सिव्हिलमधला डॉक्टर तहसील कार्यालयाचा रस्ता दाखवत नाही आणि कॉलेजला डिस्चार्ज कार्ड वाचता येत नाही. एका दारातून दुसऱ्या दारात जाताना जी माणसं गळतात, ती बहुधा या मधल्या जागेतच. म्हणून इथे पत्त्यांची यादी कमी आणि क्रम जास्त आहे.

आधारगटांमध्ये रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याला सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. पुढे हेच शब्द वापरले आहेत.

१. आधी एकच प्रश्न: आज धोका आहे का?

जीव देण्याचं बोलणं किंवा तयारी, कुणाच्या अंगावर धावून जाणं, दोन-तीन दिवस अन्नपाणी बंद, किंवा आवाज ‘अमुक कर’ असा हुकूम देताहेत असं त्याचं सांगणं. यातलं काहीही असेल तर अपॉइंटमेंटच्या मागे लागू नका. १०८ वर रुग्णवाहिका मागवा किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत थेट जा. कुणाच्या जिवावर बेतत असेल तर ११२. घरातली कीटकनाशकं, गोळ्यांचा साठा, धारदार वस्तू त्याच क्षणी शेजाऱ्यांकडे द्या.

कॅज्युअल्टीत ‘आमच्याकडे मानसोपचारतज्ज्ञ नाहीत, उद्या या’ असं उत्तर मिळू शकतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ९४ नुसार (पुढे आलेली कलमंही याच कायद्याची) आणीबाणीत कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार देऊ शकतो आणि जवळच्या मानसिक आरोग्य संस्थेत हलवण्याची व्यवस्थाही त्यात येते. वाद घालू नका, एवढंच म्हणा: ‘डॉक्टर, कलम ९४ खाली तातडीचे उपचार द्या आणि रेफर करायचं असेल तर तसं कागदावर लिहून द्या.’ लिहून द्या म्हटलं की बोलण्याचा सूर बरेचदा बदलतो.

इथे दोन चुका फार होतात. पहिली: आत्महत्येचा प्रयत्न झालेला असतो आणि पोलीस केसच्या भीतीने घरचे ‘चुकून औषध पोटात गेलं’ असं सांगतात. मग पोट साफ करून घरी पाठवतात, मानसोपचार विभागाला कुणी बोलावतच नाही. कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरलं जातं आणि त्यासाठी तिला शिक्षा होत नाही. रुग्णालय पोलिसांना कळवेल, जबाब होईल, पण ती घाबरण्याची गोष्ट नाही. खरं सांगा.

दुसरी: अचानक भ्रम सुरू झाला, सोबत ताप आहे, झटके आले किंवा शुद्ध हरपतेय, तरी ‘मानसिक आहे’ म्हणून थांबणं. अशा वेळी आधी मेडिसिनचा डॉक्टर हवा. मेंदूला संसर्ग किंवा सूज असेल तर त्याचा उपचार वेगळा आणि तातडीचा असतो.

२. एक पानी टिपण लिहा

सरकारी ओपीडीत पहिल्या भेटीला वेळ थोडाच मिळतो. त्यात आई रडते, बाबा ‘तो आधी फार हुशार होता’ सांगतात आणि मुद्दा राहून जातो. म्हणून आदल्या रात्री तारीखवार लिहा. साधारण असं:

‘वय १९, बी.कॉम. दुसरं वर्ष. गणपतीनंतर रात्री दोन-तीन तासच झोप. दसऱ्यापासून मोबाइल बंद करून ठेवतो, म्हणतो त्यातून बोलणं ऐकतात. दिवाळीपासून कॉलेज बंद. ताट समोर आलं की आधी आईला खायला लावतो. अंघोळ चार वेळा सांगितल्यावर. दोनदा एकटाच हसताना दिसला. गांजा: मित्र म्हणतात महिन्यातून दोनदा, आम्ही पाहिलेलं नाही. मामाला असाच आजार होता. सध्या कुठलंही औषध नाही.’

‘विचित्र वागतो’, ‘चिडचिड करतो’ अशी विशेषणं डॉक्टरच्या उपयोगाची नाहीत. काय केलं, कधीपासून, किती वेळा, ते लिहा. नशेची शंका असेल तर लपवू नका, औषध ठरवताना ती लागते. आणि ‘बाहेरचं’ म्हणून कुणाकडे नेलं असेल, काही जडीबुटी दिली असेल, तर तेही लिहा. लाज वाटते म्हणून नेमकं हेच दडवलं जातं.

३. पहिलं दार कुठलं?

सर्वात चांगला डॉक्टर शोधण्यात तीन-चार महिने घालवू नका. आजाराच्या पहिल्या उसळीत उपचाराला जितका उशीर होतो, तितकं पुढे सावरणं जड जातं. जवळचं, आज उघडं असलेलं दार आधी.

जिल्हा रुग्णालय: जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक इथेच बसतं. मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, मनोविकार समाजसेवक आणि परिचारिका असं ते पथक. केसपेपरच्या खिडकीवर ‘मनोविकार ओपीडी’ म्हणून विचारा. हेच पथक ठरलेल्या वारी ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांतही जातं, त्यामुळे तालुक्याला राहत असाल तर आधी तिथला वार विचारा. गावच्या आशाताईंना तो माहीत असण्याची शक्यता सर्वात जास्त.

वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं: पुण्यात ससून, मुंबईत जे.जे., केईएम, नायर, सायन. इथे गर्दी भरपूर असते, पण मानसोपचाराचा पूर्ण विभाग असतो. सकाळी केसपेपरची वेळ संपण्याआधी पोचायला हवं.

प्रादेशिक मनोरुग्णालयं: येरवडा (पुणे), ठाणे, नागपूर, रत्नागिरी. ‘मेंटल हॉस्पिटल’ म्हणून लोक बिचकतात. तिथे रोजची ओपीडी चालते, दाखवायला गेलं की भरती करून घेतात असं काही नाही.

टेली मानस, १४४१६: ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली सरकारी हेल्पलाइन. फुकट, चोवीस तास, मराठीतही. आधी समुपदेशक बोलतो, गरज वाटली तर पुढे तज्ज्ञाकडे जोडून देतो. शुभार्थी यायला तयार नसेल तर शुभंकरानेच फोन करावा. ‘माझ्या तालुक्यात मनोविकार ओपीडी कुठल्या वारी आहे?’ हा प्रश्न तिथेही विचारा. नुसता ‘काय करू?’ विचारलं तर उत्तरही तेवढंच मोघम मिळतं.

दहा ते एकोणीस वयासाठी सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांचं ‘मैत्री’ क्लिनिक असतं. गंभीर आजारावर तिथे उपचार होत नाहीत, पण मनोविकार ओपीडीच्या नावानेच बिथरणाऱ्या मुलीला आत नेण्यासाठी तो मधला जिना ठरू शकतो.

मुलाला तयार कसं करायचं? ‘तुझं डोकं ठिकाणावर नाही’ हे वाक्य कधीच चालत नाही, कारण त्याच्या दृष्टीने सगळं खरंच घडतंय. त्याला स्वतःला जो त्रास वाटतो, तो धरा: ‘दादा, दोन महिने तुझी झोप उडालीय. झोपेसाठी दाखवून येऊ, मी सोबत आहे.’ फसवून नेऊ नका. ‘मामाकडे जातोय’ सांगून दवाखान्यात उतरवलं, तर पुढच्या दहा भेटी हातच्या जातात.

४. अठराव्या वाढदिवसाची रेघ

अठरा पूर्ण होईपर्यंत संमती पालकांची असते. भरती करायचं झालं तर अल्पवयीनाला प्रौढांपासून वेगळं ठेवायचं आणि पालकाने किंवा नामनिर्देशित प्रतिनिधीने (रुग्णाला उपचारांच्या निर्णयांत मदत करायला नेमलेली व्यक्ती) पूर्ण काळ सोबत राहायचं असा नियम आहे. मुलगी असेल आणि प्रतिनिधी पुरुष असेल, तर स्त्री मदतनीस द्यावी लागते. म्हणजे घरातल्या एकाची नोकरीतली रजा आधीच ठरवून ठेवावी लागते, हे कुणी सांगत नाही.

अठरानंतर चित्र पालटतं. आता डॉक्टर शुभार्थीच्या संमतीशिवाय तुम्हाला सगळं सांगतीलच असं नाही. शुभार्थी बरा असताना साध्या कागदावर ‘माझा नामनिर्देशित प्रतिनिधी अमुक’ असं लिहून सही घ्या. कलम १४ त्यासाठी पुरेसं आहे, त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही. आजारपणात कसे उपचार हवेत आणि कसे नकोत, याची आगाऊ सूचना लिहून ठेवायचा हक्कही प्रौढ झाल्यावर मिळतो.

बालमनोविकार विभागात उपचार चालू असतील तर सतरा पूर्ण झाल्यावरच विचारा: पुढे कोणाकडे? प्रौढ ओपीडीची पहिली तारीख जुन्या डॉक्टरची शेवटची भेट होण्याआधी हातात हवी. या दोन तारखांच्या मधेच औषध बंद पडतं.

५. भरती करावी लागली तर

स्वतःहून भरती होणं उत्तम. प्रौढ व्यक्ती स्वतः अर्ज करते आणि तिला घरी जायचं असेल तर सोडावं लागतं. फार तर मूल्यमापनासाठी २४ तास थांबवता येतं.

ती नकार देत असेल आणि धोका असेल, तर कलम ८९ ची ‘आधारित भरती’ लागू होते. अर्ज नामनिर्देशित प्रतिनिधी करतो. आधीच्या सात दिवसांत दोन व्यावसायिकांनी (मानसिक आरोग्यातले किंवा डॉक्टर) स्वतंत्रपणे तपासलेलं असावं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञच हवा. मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला (अशा भरतीवर लक्ष ठेवणारं, याच कायद्याखालचं मंडळ) रुग्णालय कळवतं, स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत, बाकीच्यांसाठी सात. निर्णय पटला नाही तर या मंडळाकडे दाद मागता येते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट देतं, क्रमांक १५१००.

साखळी लावणं कायद्याने पूर्ण बंद आहे. शॉक ट्रीटमेंट भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय देता येत नाही. अल्पवयीनाला तर पालकांची संमती आणि मंडळाची परवानगी दोन्ही लागतात.

सर्वात मोठा सापळा इथे आहे. नेटवर ‘घरून घेऊन जाऊ’ म्हणणारे नंबर सापडतात. चार माणसं गाडीतून येतात, मुलाला उचलतात आणि व्यसनमुक्ती केंद्रात सहा महिन्यांच्या पॅकेजवर ठेवतात. मानसिक आजाराच्या रुग्णाला ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. पैसे देण्याआधी चार गोष्टी विचारा: नोंदणी प्रमाणपत्र दाखवा, मानसोपचारतज्ज्ञ कुठल्या वारी येतात, आम्हाला भेटता आणि फोनवर बोलता कधी येईल, राहायची खोली आत्ता दाखवता का? ‘पहिले तीन महिने भेट नाही’ असं उत्तर आलं तर तिथून उठा.

डिस्चार्जच्या दिवशी कागद घेतल्याशिवाय गेटबाहेर पडू नका: निदान, प्रत्येक औषधाचं मूळ नाव आणि डोस, पुढची तारीख, आणि आजार उलटण्याची पहिली चिन्हं. सुटीनंतर कुठे दाखवायचं हे कुटुंबाशी बोलून ठरवणं ही त्यांची जबाबदारीच आहे. पुढची तारीख महिनाभर लांबची असेल तर अलीकडची मागा.

६. औषधांची व्यवस्था

सरकारी रुग्णालयात औषधं मोफत मिळतात, पण पुरवठादार बदलला की गोळीचा रंग बदलतो. काल पांढरी होती, आज पिवळी. आईला वाटतं नवीन औषध दिलं, जुन्या पट्टीतलं उरलं होतं तेही ती देते आणि मुलगा दोन दिवस गुंगीत पडतो. म्हणून पट्टीवरचं बारीक अक्षरातलं मूळ नाव वाचायला शिका (ओलान्झापीन, रिस्पेरिडोन, लिथियम) आणि केसपेपरशी जुळवा. साठा संपलाय म्हणाले तर रिकाम्या हाताने परतू नका. हीच नावं जनऔषधी केंद्रात स्वस्तात मिळू शकतात.

पहिल्या काही दिवसांत मान एका बाजूला आखडणं, डोळे वर फिरून राहणं, जीभ जड होणं असं होऊ शकतं, तरुण मुलांमध्ये जास्त. घरचे घाबरून औषध कायमचं बंद करतात. हा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. गोळीची पट्टी घेऊन कॅज्युअल्टीत जा, इंजेक्शनने तो उतरतो. मग डॉक्टर डोस बदलतात किंवा सोबत दुसरी गोळी देतात.

लिथियम चालू असेल तर रक्तातली पातळी, थायरॉइड आणि किडनीच्या तपासण्या ठरलेल्या वेळी लागतात. क्लोझापीन असेल तर पहिले १८ आठवडे दर आठवड्याला पांढऱ्या पेशींची तपासणी. ती कुठे आणि कुठल्या वारी होईल हे औषध सुरू करण्याआधीच ठरवा. मुलगी व्हॅलप्रोएटवर असेल तर गर्भधारणेतल्या धोक्याबद्दल डॉक्टरशी स्पष्ट बोला, लग्न ठरेपर्यंत थांबू नका.

७. फाइल

एकच जाड फोल्डर, सोबत सगळ्याचे मोबाइलमध्ये फोटो. त्यात हवं:

- सगळे केसपेपर आणि डिस्चार्ज कार्डं, जुनी वर, नवी खाली
- एक पानी टिपण, दर तीन महिन्यांनी नवीन
- औषधांचा तक्ता: नाव, डोस, कधी सुरू, का बदललं
- रक्त तपासण्या
- शुभार्थीचं आणि शुभंकराचं आधार, रेशनकार्ड, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला
- पासपोर्ट फोटो आठ-दहा
- नामनिर्देशनाचा कागद
- शाळा-कॉलेजचा शेवटचा निकाल आणि ओळखपत्र

मूळ कागद कुठल्याही टेबलावर सोडू नका. रुग्णालयातली जुनी कागदपत्रं हवी असतील तर कलम २५ खाली लेखी अर्ज करा.

८. रोजचा दिवस: पुनर्वसन आणि आधारगट

औषधाने आवाज थांबले म्हणून मुलगा लगेच कॉलेजला जात नाही. दिवसभर पलंगावर पडून असतो आणि घरचे त्याला आळशी म्हणतात. तो आळस नसून आजाराचाच भाग असतो, आणि इथे उपयोगी पडतात ती दिवसभराची पुनर्वसन केंद्रं आणि आधारगट. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, म्हणजे ‘सा’, आणि ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या जुन्या, ओळखीच्या संस्था. लांब राहत असाल तरी एकदा फोन करा. आपल्या भागात काय आहे हे त्यांना आपल्याहून जास्त ठाऊक असतं. सरकारी रुग्णालयातल्या मनोविकार समाजसेवकालाही विचारा. डॉक्टरपेक्षा त्याच्याकडे ही माहिती पक्की असते आणि त्याच्या टेबलापुढे रांगही लहान असते.

समुपदेशन घ्यायचं तर माणूस तपासा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, मानसोपचारतज्ज्ञाकडे वैद्यकीय परिषदेचा. सहा आठवड्यांचा कोर्स केलेले ‘माइंड कोच’ औषधं बंद करायला सांगतात, तिथे जाऊ नका.

९. प्रमाणपत्र, अनुदान, विमा

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये मानसिक आजार ही २१ दिव्यांगत्वांपैकी एक आहे. प्रमाणपत्राचा अर्ज यूडीआयडी पोर्टलवर (दिव्यांग ओळखपत्राचं सरकारी संकेतस्थळ) ऑनलाइन होतो, तपासणी नेमून दिलेल्या रुग्णालयात. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं.

टक्के ठरवताना चार गोष्टी पाहतात: स्वतःची काळजी, नात्यांत वावर, बोलणं-समजणं, काम. यासोबत आजार किती वर्षांचा हेही. आणि इथेच आया मुलाचं नुकसान करतात. डॉक्टर विचारतात, ‘अंघोळ करतो का?’ आई म्हणते, ‘हो, करतो की.’ चार वेळा हाक मारावी लागते, कपडे काढून द्यावे लागतात, साबण हातात द्यावा लागतो, यातलं काहीच ती सांगत नाही. परक्यासमोर पोराचं उणं काढायचं कसं, या विचाराने. टिपणातलं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवा.

फॉर्ममध्ये ‘मानसिक आजार’ हा प्रकार निवडा. ‘बौद्धिक दिव्यांगत्व’ हा वेगळा प्रकार आहे. चुकीचा निवडला की पुढचं सगळं अडतं. तसंच राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना मतिमंदत्व, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी आणि बहुदिव्यांगांसाठी आहे. फक्त मानसिक आजारावर ती मिळत नाही. एजंट हजार-दोन हजार घेऊन ‘करून देतो’ म्हणाला तर देऊ नका. प्रमाणपत्र अनेकदा ठरावीक मुदतीचं असतं, संपण्याच्या दोन महिने आधी पुन्हा अर्ज टाका.

अठरा पूर्ण आणि उत्पन्न कमी असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात. उत्पन्नाचा आणि रहिवासी दाखला ताजा लागतो. अनुदानाची रक्कम आणि उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी बदलते, तलाठ्याकडून चालू आकडा घ्या.

खासगी आरोग्य विमा असेल तर मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २१ प्रमाणे मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यावं लागतं. विमा नियामकाने ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना तसं कळवलंही आहे. ‘मानसिक आजार वगळलेले’ असं सांगून दावा नाकारला तर नकार लेखी मागा आणि विमा लोकपालाकडे जा. ओपीडीचा खर्च मात्र बहुतेक पॉलिसींत नसतोच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरतीआधी विचारा. डिस्चार्जनंतर विचारून फायदा नाही.

१०. शाळा-कॉलेज

नाव काढून घेऊ नका. प्राचार्यांना लेखी अर्ज द्या: अमुक तारखेपासून वैद्यकीय उपचार चालू, हजेरीत सवलत आणि सत्र राखून ठेवण्याची विनंती. सोबत प्रमाणपत्रावर ‘वैद्यकीय उपचारांखाली’ एवढं पुरतं. निदान लिहायचं की नाही हे शुभार्थीला विचारून ठरवा, कारण आजाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क त्याचा आहे. दिव्यांग सवलत मागताना मात्र प्रमाणपत्र दाखवावंच लागतं. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ४० टक्क्यांवरच्या परीक्षार्थींना, लिहिण्यावर मर्यादा येत असेल तर, तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ दिला होता; सध्याचा नियम परीक्षा विभागाला विचारा. त्याचा अर्ज परीक्षा फॉर्म भरतानाच द्यावा लागतो. हॉल तिकीट आल्यावर धावपळ केली तर परीक्षा विभाग पुढच्या सत्राचं नाव सांगतो.

परतताना एकदम सहा विषय घेऊ नका. दोन विषय आणि सकाळऐवजी दुपारची बॅच. रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळी अकरापर्यंत उतरत नाही, आणि पहिल्या तासाला डुलक्या घेणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर काढलं की तो दुसऱ्या दिवशी जात नाही.